ड्रॅग रेस गाडीच्या चॅसीला वाहतुकीत दिला जाणारा आधार

ड्रॅग रेस गाडी ट्रेलरवरून नेताना तिच्या चॅसीखाली, म्हणजे सांगाड्याखाली, ठोकळे, घोड्या किंवा पेचाचे जॅक लावून गाडीच्या वजनाचा काही भाग चाके व स्प्रिंगांवरून काढून घेण्याच्या पद्धतीस चॅसीचा वाहतूक-आधार म्हणता येईल. लांब व हलक्या नळ्यांच्या सांगाड्याला वाटेतल्या धक्क्यांमुळे वारंवार वाकावे लागू नये, वेल्डिंगच्या जोडांत तडे जाऊ नयेत आणि शर्यतीचे मऊ टायर एका जागी चपटे होऊ नयेत, हे या आधाराचे मुख्य हेतू आहेत. हा आधार गाडी जागेवर धरून ठेवत नाही. ते काम पट्ट्यांचे किंवा साखळ्यांचे असते. या दोन कामांची सरमिसळ हे वाहतुकीतील नुकसानीचे नेहमी आढळणारे कारण आहे.

पार्श्वभूमी

ड्रॅग शर्यतीत दोन गाड्या सरळ पट्ट्यावर थांबलेल्या स्थितीतून एकाच वेळी सुटतात. पारंपरिक अंतर पाव मैल, म्हणजे सुमारे ४०२ मीटर असते. अमेरिकेतील नॅशनल हॉट रॉड असोसिएशन ही संस्था वॉली पार्क्स यांनी १९५१ मध्ये स्थापन केली. तिच्या सर्वोच्च ‘टॉप फ्युएल’ गटात २००८ पासून हे अंतर १,००० फूट, म्हणजे ३०४.८ मीटर करण्यात आले आहे. या गटातील गाड्या ते अंतर चार सेकंदांहून कमी वेळात कापतात आणि शेवटी ताशी ५३० किलोमीटरच्या आसपास पोचतात.

सुरुवातीच्या काळात अनेक स्पर्धक आपल्या नेहमीच्या वापरातल्या गाडीमागे उघडा ट्रेलर जोडून शर्यतीची गाडी नेत. पुढे वेगाबरोबर गाड्यांची लांबीही वाढत गेली. १९७० मध्ये डॉन गार्लिट्स हे शर्यतपटू गिअरबॉक्सच्या स्फोटात गंभीर जखमी झाले आणि १९७१ मध्ये त्यांनी इंजिन चालकाच्या मागे असलेली गाडी शर्यतीत आणून यशस्वी करून दाखवली. नंतर हीच रचना रूढ झाली. आजच्या टॉप फ्युएल गाडीच्या पुढच्या व मागच्या आसांमधील अंतर ३०० इंच, म्हणजे ७.६२ मीटर असते. मोठे संघ अशा गाड्या बंदिस्त सेमी-ट्रेलरमधून नेतात, तर लहान संघ आजही मोटारीच्या किंवा पिकअपच्या मागे जोडलेला ट्रेलर वापरतात.

भारतात शर्यतीसाठी मोठे फेरफार केलेली गाडी रस्त्याने चालवत नेण्यात कायद्याचीही अडचण आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतील तपशील उत्पादकाने दिलेल्या मूळ रचनेपेक्षा वेगळे होतील असे बदल वाहनात करता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मधील एका निकालात या तरतुदीचा कडक अर्थ लावला. त्यामुळे नळ्यांचा पिंजरा बसवलेली, मागचा आस बदललेली गाडी शर्यतीच्या जागी न्यायची तर ती ट्रेलरवर किंवा सपाट फळीच्या ट्रकवर चढवणे हाच सरळ मार्ग उरतो.

चॅसीची रचना

ड्रॅग गाड्यांच्या चॅसीचे ढोबळमानाने दोन प्रकार पडतात. पहिला प्रकार कारखान्यात बनलेल्या मोटारीवर आधारलेला असतो. त्यात मूळ पत्र्याची काया कायम असते, आत नळ्यांचा सुरक्षा-पिंजरा बसवलेला असतो आणि सस्पेंशन शाबूत असते. भारतातील बहुतेक ड्रॅग गाड्या या प्रकारच्या आहेत. दुसरा प्रकार संपूर्णपणे नळ्या जोडून केलेल्या लांबट ‘ड्रॅगस्टर’चा. त्यात मागचा आस चॅसीला घट्ट जखडलेला असतो, मागे स्प्रिंग किंवा शॉक ॲब्झॉर्बर नसतात. रस्त्याचा धक्का झेलायला टायर आणि खुद्द चॅसी एवढेच उरते.

नळ्यांसाठी मुख्यतः ४१३० या क्रमांकाचे क्रोमियम-मॉलिब्डेनम पोलाद वापरतात. त्यात कार्बन सुमारे ०.३ टक्के, क्रोमियम ०.८ ते १.१ टक्के आणि मॉलिब्डेनम ०.१५ ते ०.२५ टक्के असते. नळीच्या भिंतीची जाडी अनेकदा २ मिलिमीटरपेक्षाही कमी ठेवतात. हे पोलाद साध्या पोलादापेक्षा अधिक ताठ असते, असा समज कारागिरांतही आढळतो; तो खरा नाही. दोन्हींचा स्थितिस्थापकता गुणांक जवळजवळ सारखाच, सुमारे २०० गिगापास्कल असतो. ४१३० पोलाद तुटण्यापूर्वी अधिक ताण सोसते, परंतु तेवढ्याच भाराखाली वाकते मात्र तेवढेच. किंबहुना त्याच्या बळकटीच्या भरवशावर नळी पातळ घेतली जाते आणि त्यामुळे चॅसी अधिक लवचीक बनते. ड्रॅगस्टरमध्ये हा लवचीकपणा हवासाच असतो. सुटताना सांगाडा वाकतो आणि चाकांवरील भाराची विभागणी त्यावर ठरते. शर्यतीत उपयोगी पडणारा हाच गुण ट्रेलरवर त्रासदायक ठरतो.

रस्त्यावरील धक्के आणि धातूचा थकवा

गाडी प्रत्यक्ष शर्यतीत काही सेकंद असते, ट्रेलरवर मात्र कित्येक तास. काँक्रीटच्या रस्त्याचे सांधे ४.५ मीटरच्या अंतराने आहेत आणि ट्रेलर ताशी ६० किलोमीटर वेगाने चालला आहे असे धरले, तर प्रत्येक आस सेकंदाला साधारण ३.७ सांधे ओलांडतो. तासाभरात हा आकडा तेरा हजारांवर जातो. प्रत्येक सांध्याचा धक्का लहानच असतो आणि त्याने नळी तुटत नाही. पण धातू थकतो तो एका मोठ्या भाराने नव्हे, तर लहान भारांच्या पुनरावृत्तीने. वेल्डिंगच्या कडेला, जिथे नळीची जाडी अचानक बदलते आणि उष्णतेमुळे पोलादाची घडण पालटलेली असते, तिथे सूक्ष्म तडा सुरू होतो आणि प्रत्येक हेलकाव्याबरोबर कणाकणाने वाढतो. तडा सुरू होण्याची जागा आणि तो उघडा पडण्याची जागा निराळी असू शकते: महामार्गावर सुरू झालेला तडा शर्यतीच्या पट्ट्यावर, पूर्ण वेगात असताना नळी तोडू शकतो, आणि त्या वेळी आत चालक असतो.

ट्रेलरच्या स्प्रिंगांच्या आंदोलनांचा वेग आणि लांब चॅसीच्या स्वाभाविक आंदोलनांचा वेग जवळपास सारखा झाला, तर हेलकावे एकमेकांत मिळून वाढतात. ट्रेलरच्या पाट्याच्या स्प्रिंगा बहुधा पूर्ण भाराच्या हिशेबाने बसवलेल्या असतात. त्यांवर हजार-अकराशे किलोग्रॅमची हलकी गाडी ठेवली तर त्या जवळजवळ दबतच नाहीत आणि रस्त्याचा धक्का वर तसाच जातो. रिकामा टेम्पो भरलेल्या टेम्पोपेक्षा अधिक का उसळतो याचेही कारण हेच आहे.

आधाराने नेमके काय साधते हे साध्या तुळईच्या गणितातून कळते. दोन टोकांवर टेकलेली, एकसारख्या वजनाची तुळई मध्यभागी किती लवते हे तिच्या लांबीच्या चौथ्या घातावर अवलंबून असते. आधारांमधील अंतर निम्मे केले की लवणे सोळाव्या भागावर येते आणि वाकण्यामुळे येणारा कमाल ताण चौथ्या भागावर. प्रत्यक्ष ड्रॅगस्टरमध्ये वजन एकसारखे पसरलेले नसते. इंजिन, गिअरबॉक्स आणि मागचा आस मिळून बहुतेक भार मागच्या भागात येतो, तर पुढचा निमुळता भाग हलका पण लांब असतो. म्हणून आकडे जसेच्या तसे लागू पडत नाहीत. तरीही मधोमध दिलेला एकच आधार किती फरक पाडतो, हे यावरून लक्षात येते.

आधाराच्या पद्धती

सस्पेंशन असलेल्या गाडीला बांधण्याच्या दोन पद्धती प्रचलित आहेत. पहिलीत पट्टे चाकांवरून किंवा आसावरून घेतात. चाके ट्रेलरच्या फळीला जखडली जातात आणि वरची गाडी आपल्या स्प्रिंगांवर मोकळी हलत राहते. कारखान्यातून निघालेल्या नव्या मोटारींच्या वाहतुकीत चाके बांधण्याची पद्धत सर्रास वापरतात. सांगाड्यावर पट्ट्याचा ताण येत नाही हा तिचा फायदा. मात्र शर्यतीसाठी बसवलेले मऊ शॉक ॲब्झॉर्बर संपूर्ण प्रवासभर वरखाली होत राहतात आणि झिजतात.

दुसऱ्या पद्धतीत पट्टे थेट चॅसीला लावून गाडी खाली ओढतात. नुसत्या स्प्रिंगांविरुद्ध ओढलेली गाडी खड्ड्यात आणखी दबते, त्या क्षणी पट्टा सैल पडतो आणि पुढच्या क्षणी झटक्याने ताणला जातो. यात आकडा निसटण्याचाही धोका असतो. म्हणून चॅसी आणि फळी यांच्यामध्ये, किंवा चॅसी आणि आस यांच्यामध्ये, पक्का ठोकळा ठेवूनच पट्टा आवळतात. असे केल्यावर स्प्रिंगा हलायच्या थांबतात आणि गाडी ट्रेलरशी जवळजवळ एकजीव होते.

मागे सस्पेंशन नसलेल्या ड्रॅगस्टरमध्ये निवडीला फारसा वाव नसतो. तिथे मधला आधार आवश्यकच मानला जातो आणि अनेक संघ मागच्या आसाखालीही घोड्या लावून टायरांवरचे वजन हलके करतात. ड्रॅगच्या गुळगुळीत टायरांत शर्यतीच्या वेळी हवेचा दाब अनेकदा २० पीएसआयपेक्षा कमी असतो आणि त्यांच्या भिंती मुद्दाम मऊ ठेवलेल्या असतात. अशा टायरांवर गाडी उसळत राहते, आणि दीर्घकाळ उभी राहिल्यास टायर जमिनीला टेकलेल्या जागी चपटा होतो. वाहतुकीपुरती हवा वाढवून शर्यतीआधी ती पुन्हा कमी करणे हा यावरचा सोपा उपाय आहे.

आधाराची जागा

आधार किती आहेत यापेक्षा ते कुठे आहेत हे अधिक महत्त्वाचे. नियम एका वाक्यात सांगता येतो: वरून खाली ओढणाऱ्या प्रत्येक पट्ट्याच्या थेट खाली आधार असला पाहिजे. तसा असला की पट्ट्याचा ताण सरळ ठोकळ्यातून ट्रेलरमध्ये उतरतो आणि चॅसी फक्त दाबली जाते. पट्टा एका जागी आणि ठोकळा अर्धा मीटर बाजूला असेल, तर आवळणारा माणूस रॅचेटच्या प्रत्येक दातागणिक सांगाडा वाकवत असतो. प्रवास सुरू होण्यापूर्वीच जोडांवर कायमचा ताण बसतो आणि रस्त्याचे धक्के त्यावर भर घालतात.

आधार नळीच्या मधोमध न देता अनेक नळ्या एकत्र येतात त्या जोडाखाली देतात. पिंजऱ्याच्या मुख्य कमानीचा पाया, इंजिनाची आडवी पाटी आणि आडवे दांडे या योग्य जागा होत. ऑइल चेंबर, गिअरबॉक्स, पत्र्याची तळफळी किंवा पातळ नळीचा मधला भाग यांखाली ठोकळा देऊ नये. ट्रेलरच्या बाजूनेही हाच विचार लागू होतो. ठोकळा नुसत्या प्लायवुडवर टेकला तर प्लायवुड दबते आणि आधार नावापुरता उरतो. त्याखाली ट्रेलरचा आडवा दांडा यायला हवा.

उंची ठरवताना होणारी चूक बहुधा जास्तीच्या बाजूने होते. मधला आधार प्रमाणाबाहेर उंच केला तर गाडी त्यावर सी-सॉसारखी तोलली जाते, आणि लवण्याऐवजी ती उलट्या दिशेला वाकते. म्हणून पेचाचा जॅक चॅसीला टेकेपर्यंत वर आणतात, मग टायरचा फुगवटा किंचित कमी होईल एवढाच आणखी फिरवतात. चारही कोपऱ्यांना कडक ठोकळे लावण्यातही एक खोच आहे. ट्रेलरची फळी खड्ड्यात पिळवटते, आणि पिळवटलेल्या पृष्ठभागावर चार पायांचे स्टूल जसे तीनच पायांवर उभे राहते, तसा सारा भार तीन ठोकळ्यांवर येतो. तीन जागी आधार देणे किंवा ठोकळ्यांवर जाड रबर बसवणे हे त्यावरचे उपाय आहेत.

हे तत्त्व वाहनांपुरते मर्यादित नाही. पावसाळी मासेमारी बंदीच्या काळात, १ जून ते ३१ जुलै, अर्नाळा, पाचूबंदर आणि नायगाव येथील होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवतात. होडीचे वजन तिच्या तळाच्या मुख्य कण्याखाली दिलेल्या लाकडांवर असते, आणि दोन्ही बाजूंचे टेकू ती कलंडू नये एवढ्यासाठीच असतात. टेकूंवरच वजन आले तर बाजूच्या फळ्या आत दबतात. मुंबई–अहमदाबाद उच्चवेग रेल्वेच्या पुलांसाठी ओतल्या जाणाऱ्या, ४० मीटर लांबीच्या आणि सुमारे ९७० टन वजनाच्या काँक्रीटच्या तुळया खास वाहनांवरून दोन टोकांजवळ आधार देऊन नेतात, कारण पुलावर बसल्यानंतरही त्या टोकांवरच टेकायच्या असतात. अशी तुळई मध्यावर टेकवून नेली तर ती तडकण्याची भीती असते. वस्तू ज्या जागी भार घेण्यासाठी घडवलेली आहे तिथेच तिला टेकवायचे, हा नियम होडी, तुळई आणि ड्रॅगस्टर या तिघांनाही सारखाच लागू आहे.

कोकण रेल्वेची रो-रो सेवा याच नियमाची दुसरी बाजू दाखवते. २६ जानेवारी १९९९ रोजी कोलाड ते वेर्णा या मार्गावर सुरू झालेल्या या सेवेत भरलेले ट्रक सपाट वाघिणींवर चढवून नेतात. ट्रक स्वतःच्या चाकांवरच उभे असतात. त्यांच्या चॅसीखाली टेकू देण्याची गरज नसते, कारण भरलेल्या ट्रकाची चॅसी हजारो किलोमीटर खड्ड्यांतून जाण्यासाठीच बनवलेली असते.

बांधणी

चॅसीखालचे ठोकळे गाडीला पुढे-मागे सरकू देत नाहीत असे समजणे धोक्याचे आहे. अमेरिकेतील मालवाहतुकीच्या नियमांनुसार बांधणीने पुढच्या दिशेने गुरुत्वत्वरणाच्या ०.८ पट, तर मागे आणि बाजूंना ०.५ पट त्वरणाचा जोर झेलला पाहिजे. ११०० किलोग्रॅमची गाडी धरली तर जोराच्या ब्रेकमध्ये पट्ट्यांना ८८० किलोग्रॅम वजनाइतका ओढा सोसावा लागतो. हलक्या मोटारींसाठी त्याच नियमांत गाडी पुढे आणि मागे अशी दोन्हीकडे किमान दोन बांधण्यांनी जखडायला सांगितली आहे. चाकांना पुढून-मागून पाचर लावतात, पण ती बांधणीला पर्याय ठरत नाही. मागचे पट्टे एकमेकांना छेद देऊन लावल्यास गाडी आडवी सरकत नाही. थोडे अंतर गेल्यावर ट्रेलर थांबवून पट्टे पुन्हा आवळावे लागतात, कारण ठोकळे बसतात आणि नायलॉनचा किंवा पॉलिएस्टरचा पट्टा ताणला जातो.

वसई-विरार आणि महाराष्ट्रातील परिस्थिती

महाराष्ट्रात ड्रॅग शर्यतींसाठी वापरली गेलेली सर्वात परिचित जागा म्हणजे पुणे जिल्ह्यातील मुळशी तालुक्यात, लोणावळ्याजवळ असलेल्या ॲम्बी व्हॅलीची धावपट्टी. तिथे ‘द व्हॅली रन’ ही स्पर्धा भरत आली आहे. देशातील मोटारक्रीडेचे नियमन फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्ज ऑफ इंडिया ही संस्था करते.

वसई-विरारहून तिकडे जाणारी गाडी राष्ट्रीय महामार्ग ४८ वरून वसईची खाडी ओलांडून घोडबंदर, ठाणे, कळंबोली या वाटेने मुंबई–पुणे द्रुतगती मार्गाला लागते, बोरघाट चढते आणि लोणावळ्याहून डोंगराच्या वळणांनी ॲम्बी व्हॅलीला पोचते. शंभर किलोमीटरहून अधिक लांबीच्या या वाटेवर आधाराची जवळजवळ प्रत्येक परीक्षा होते. महामार्गावर काँक्रीटचे सांधे आणि पावसाळ्यातले खड्डे आहेत, घोडबंदर रस्त्यावर सतत थांबणे आणि सुटणे आहे. घाटाच्या चढावर भार मागे सरकतो व मागच्या पट्ट्यांवरचा ताण बदलतो, तर शेवटच्या वळणांवर बाजूचा जोर येतो. बोरघाट चढण्यापूर्वी पट्टे तपासणे म्हणूनच शहाणपणाचे ठरते. परतीच्या वाटेवर उतार असल्याने हीच तपासणी पुढच्या बांधणीसाठी करावी लागते.

आधार बनवण्याला विशेष यंत्रसामग्री लागत नाही. चौकोनी पाईप, जाड पाटी, पेच आणि रबर एवढ्यावर काम भागते. वसई पूर्वेकडील वालीव, गोखिवरे, सातिवली या औद्योगिक पट्ट्यांतील फॅब्रिकेशनच्या कोणत्याही लहान कारखान्याच्या आवाक्यातले हे काम आहे. मात्र आधारासाठी खुद्द चॅसीवर कान किंवा पाटी जोडायची असेल, तर तो प्रश्न वेगळा आहे. ४१३० पोलादाच्या पातळ नळीवर नीट विचार न करता केलेले वेल्डिंग स्वतःच तड्याची सुरुवात ठरू शकते. असे जोड सहसा टिग पद्धतीने, म्हणजे ज्याला स्थानिक कारागीर आर्गॉन वेल्डिंग म्हणतात त्या पद्धतीने करतात. नळीला मिठी मारणारी, बोल्टने आवळायची पकड वापरणे अधिक सुरक्षित असते.

किनारपट्टीच्या हवेमुळे आणखी एक अडचण येते. क्रोम-मॉली पोलाद नावात क्रोमियम असूनही गंजते, कारण गंजरोधक पोलादात किमान साडेदहा टक्के क्रोमियम लागते. उघड्या ट्रेलरवर पावसात भिजलेला लाकडी ठोकळा खारट ओल नळीला चिकटवून ठेवतो आणि रंगाखाली गंज धरतो. यासाठी ठोकळ्यावर पाणी न शोषणारे रबर लावतात आणि घरी पोचल्यावर ठोकळे काढून घेतात.

तपासणी

लांबच्या प्रवासानंतर आधारांच्या दोन्ही बाजूंचे जोड पाहणे ही बऱ्याच संघांची रीत असते. रंगावर केसासारखी रेघ, तिच्या कडेने तांबूस गंज किंवा रंगाची उडालेली खपली ही तड्याची पहिली चिन्हे होत. संशय आल्यास रंग काढून रंगद्रव्य भेदन पद्धतीने तपासतात. त्यात पातळ लाल द्रव लावून पुसतात आणि वर पांढरी भुकटी फवारतात. तड्यात शिरलेला द्रव भुकटीवर लाल रेघ उमटवतो. ४१३० पोलाद चुंबकाला ओढले जात असल्याने चुंबकीय कणांची चाचणीही चालते. नॅशनल हॉट रॉड असोसिएशनच्या नियमांत पाव मैल ९.९९ सेकंदांत किंवा त्याहून जलद धावणाऱ्या गाड्यांच्या चॅसीला ठरावीक मुदतीचे प्रमाणपत्र घ्यावे लागते. प्रमाणपत्र तपासणीच्या दिवसाची स्थिती सांगते. दोन तपासण्यांच्या मधल्या काळात गाडी किती किलोमीटर ट्रेलरवर होती याची नोंद त्यात नसते. ती गाडीच्या मालकानेच ठेवायची असते.